भुयारी रेल्वेची रात्रपाळी: लंडनची पिवळी इंजिनं ओळखायला शिकताना

पश्चिम लंडनमधल्या एखाद्या उघड्या फलाटावर शेवटच्या गाडीतून उतरलात आणि जिना चढायला जरा रेंगाळलात, तर कधी कधी मागून एक पिवळी गाडी येते. डबे नाहीत. सपाट वाघिणी (मालाचे गाडे), त्यांवर रूळ नाहीतर पोती, आणि पुढे-मागे एकेक बुटकं इंजिन. फलाटावर ती थांबत नाही. आवाजही बेताचा: डिझेलची धडधड नाही, नुसती चाकांची खरड आणि मधूनच कॉम्प्रेसरची डुगडुग. पहिल्यांदा दिसली तेव्हा मला ती कचरागाडी वाटली होती. आता वाटतं, अगदीच चुकलो नव्हतो, कारण परतीच्या वाटेवर तिच्यात बहुतेक वेळा कचराच असतो.

भुयारी रेल्वेच्या देखभालीच्या गाड्यांची ज्यांना नव्यानं ओळख करून घ्यायची आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. उदाहरण लंडनचं घेतलंय. एक तर मी इथे राहतो, आणि दुसरं म्हणजे बॅटरीवर चालणारी इंजिनं या रेल्वेनं १९०५ पासून वापरली आहेत. माझे आजोबा मनमाडला रेल्वेत गँगचे मुकादम होते. त्यांच्या तोंडून ऐकलेले निम्मे शब्द मला इथे जसेच्या तसे उपयोगी पडले, म्हणून तेच वापरतो.

सुरुवातीलाच एक प्रश्न खिशात ठेवा: ही गाडी पहाटे पाच वाजता बोगद्यात अडकून पडली तर काय होईल? पुढची प्रत्येक गोष्ट, इंजिनं दोन का, बॅटरी का, याच प्रश्नाला धरून उलगडते.

पायरी १: आधी रात्र मोजा

मुंबईकराला मेगाब्लॉक समजावून सांगावा लागत नाही. रविवारी गाड्या बंद, रुळांवर माणसं, आणि आपण घामाघूम होत बसच्या रांगेत. लंडनमध्ये तो रोज रात्री असतो, फक्त तासांनी छोटा. साधारण एक ते पाचच्या दरम्यान प्रवासी गाड्या थांबतात. पण हे चार तास कामाचे नव्हेत. शेवटची गाडी पुढे सरकल्याची खात्री, वीज बंद झाल्याची खात्री, माणसं खाली उतरणं, सामान जागेवर पोचणं हे सगळं त्यातूनच वजा होतं. मग पहाटे उलट क्रमानं तेच. हातात उरतात दोन-अडीच तास. लांबच्या ठिकाणी त्याहूनही कमी.

एवढ्या वेळात जुना स्लीपर (रुळांखालचा आडवा ठोकळा) काढून नवा बसवायचा आणि त्यावरून पहाटेची पहिली गाडी पूर्ण भारानिशी जाईल असा करून द्यायचा. दिवसा कुणाला पत्ता लागत नाही.

शुक्रवार-शनिवारच्या रात्री वेगळं गणित असतं. ऑगस्ट २०१६ पासून काही मार्गांवर त्या दोन रात्री गाड्या थांबतच नाहीत. आधी सेंट्रल आणि व्हिक्टोरिया, मग ज्युबिली, नॉर्दर्न आणि पिकॅडिली. त्या मार्गांवरचं रात्रीचं काम मग उरलेल्या पाच रात्रींत कोंबावं लागतं. म्हणून पिवळी गाडी बघायला निघणार असाल तर रविवार ते गुरुवार निघा. शनिवारी रात्री हुरूपानं गेलेला नवखा माणूस बहुधा पार्टीहून परतणारी गर्दी बघून घरी येतो. मीही आलो आहे.

पायरी २: चार रूळ मोजा

फलाटाच्या कडेला पिवळ्या रेषेच्या आत उभे राहून खाली बघा. दोन रूळ चाकांचे. तिसरा बाहेरच्या बाजूला, जरा उंच. चौथा बरोबर मध्ये. बाहेरच्या रुळात अधिक ४२० व्होल्ट, मधल्यात उणे २१०. मिळून ६३०. काही मार्गांवर आता हा आकडा ७५०पर्यंत नेला आहे, पण पद्धत तीच.

चौथ्या रुळाचं कारण समजलं की नव्या माणसाला मजा वाटते. इतर बहुतेक ठिकाणी परतीची वीज चाकांच्या रुळांतूनच जाते. इथले जुने खोल बोगदे बिडाच्या कड्या जोडून केले आहेत. वीज रुळांतून गळून त्या बिडात आणि आसपासच्या पाइपांत शिरली तर धातू हळूहळू खाऊन टाकते. म्हणून परतीला वेगळा रूळच दिला, इन्सुलेटरवर ठेवलेला.

आता आपल्या गाडीकडे या. माणसं रुळांमध्ये उतरायची तर वीज बंद हवी. वीज बंद असेल तर साधं विजेचं इंजिन जागेवरच मेलं. डिझेल आणावं तर धूर, आणि तोही अशा बोगद्यात जिथे हवा खेळायला जागा नाही. म्हणून बॅटरी. डेपोपासून जिथवर रुळांत वीज आहे तिथवर इंजिन रुळांतून वीज घेतं, वीज गेली की बॅटरीवर चालतं. आणि प्रश्न आठवा: समजा भलत्या वेळी रुळांतली वीज गेली, तरी ही गाडी आपल्या पायांनी बाहेर येते. मागे अडकून पडत नाही.

वीज बंद आहे असं कुणी फोनवर सांगितलं एवढ्यावर इथे भागत नाही. कामाच्या जागी उपकरण लावून खात्री करतात, आणि विजेचे रूळ एकमेकांना जोडून ठेवतात, म्हणजे चुकून कुणी वीज सोडलीच तर ती तिथेच शॉर्ट होऊन तुटेल. पूर्वी बोगद्याच्या भिंतीवरून दोन उघड्या तारा शेजारी-शेजारी धावत असत. चालकानं खिडकीतून हात काढून त्या दोन्ही चिमटीत एकत्र दाबल्या की त्या भागातली वीज बंद व्हायची. त्याच तारांना फोन अडकवून बोलताही यायचं. इतकी सोपी आणि इतकी हुशार वस्तू मी रेल्वेत दुसरी पाहिलेली नाही.

पायरी ३: इंजिनाकडे नीट बघा

इथे थोडा जास्त वेळ द्या. बाकीची गाडी दर रात्री बदलते, इंजिन मात्र तेच असतं.

पहिल्यांदा उंची. लंडनच्या भुयारी रेल्वेत दोन जातीचे बोगदे आहेत. जुने, रस्ता खणून वर छप्पर घातलेले, रुंद आणि उंच. पहिला मार्ग जानेवारी १८६३ मध्ये पॅडिंग्टन ते फॅरिंग्डन असा सुरू झाला तो यातला. दुसरे खोल, नळीसारखे गोल. व्यास साडेतीन मीटरच्या जेमतेम वर. त्यात धावणाऱ्या गाडीची उंची तीन मीटरपेक्षाही कमी. छोट्या नळीतली गाडी मोठ्या बोगद्यात जाऊ शकते, मोठ्या बोगद्यातली नळीत जाऊ शकत नाही. म्हणून बॅटरी इंजिनं नळीच्या मापानं बांधतात. १९०९ मध्ये डिस्ट्रिक्ट रेल्वेनं घेतलेली दोन सोडली तर सगळीच तशी. एकच इंजिन कुठेही पाठवता यावं, हा त्यातला हिशोब.

मग तोंड. चालकाच्या केबिनला समोरच्या बाजूनं दार आहे का बघा. ते असतं, कारण गोल बोगद्यात बाजूनं उतरायला जागाच नाही. गाडी आणि भिंत यांच्यात माणूस मावत नाही. उतरायचं ते पुढून किंवा मागून, सरळ रुळांत.

दोन केबिनींच्या मधला लांब, जरा बसका भाग म्हणजे बॅटरी. दाब ३२० व्होल्ट. लेड-ॲसिडचा एक सेल दोन व्होल्टचा धरा, म्हणजे ओळीनं १६० सेल. आता एक साधा हिशोब करा. रुळांतून ६३० व्होल्ट मिळतात, बॅटरीतून ३२०. म्हणजे जवळपास निम्मे. म्हणून बॅटरीवर इंजिनाचा वेगही साधारण निम्म्यावर येतो. दोनशे टनांची गाडी ताशी पंधरा मैलांच्या, म्हणजे चोवीस किलोमीटरच्या आसपास ओढून नेते. सायकलवाला पुढे निघून जाईल. पण तिला घाई नसते, पोचण्याची हमी असते.

तोंडाखाली जोडण्या दोन तऱ्हेच्या दिसतील. एक बफर आणि हूकवाली, साध्या वाघिणींसाठी. दुसरी नळीतल्या प्रवासी गाडीला जोडता येईल अशी. का? बंद पडलेली प्रवासी गाडी ओढून न्यायची वेळ आली तर.

आता नंबर. देखभालीच्या वाहनांना आधी इंग्रजी एल हे अक्षर आणि मग आकडा असतो. वही घेतली असेल तर हे लिहून ठेवा, पुष्कळ उपयोग होतो. एल ३५ ते एल ४३ ही ग्लॉस्टरच्या कारखान्यातली, १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धातली. ती आता कामावर दिसणार नाहीत. एल २० ते एल ३२ मेट्रो-कॅमल या कंपनीची, १९६०च्या दशकाच्या मध्यातली. एल ४४ ते एल ५४ डॉनकास्टरच्या रेल्वे कारखान्यातली, १९७०च्या दशकातली. एल ६२ ते एल ६७ पुन्हा मेट्रो-कॅमलची, १९८०च्या दशकाच्या मध्यातली. लांबून सगळी सारखीच दिसतात, आणि तेच त्यांचं वैशिष्ट्य आहे. पन्नास वर्षं मूळ आराखडा फारसा बदललाच नाही. चालणाऱ्या गोष्टीला उगीच हात लावायचा नाही, हा शहाणपणा आमच्या आजोबांना फार आवडला असता.

पहिली दोन मात्र या सगळ्यांच्या आधीची. १९०५ मध्ये मदरवेलच्या हर्स्ट नेल्सन कंपनीनं बांधलेली, आज पिकॅडिली लाइन म्हणतात त्या मार्गाच्या बांधकामासाठी. तिथे अजून वीजच आली नव्हती, म्हणून बॅटरी. ती सोय इतकी जमली की बांधकाम संपलं तरी पद्धत राहिली.

मध्ये एक गंमत सांगून टाकतो. ब्रिटनच्या मुख्य रेल्वेनं ऑगस्ट १९६८ मध्ये वाफेची इंजिनं निवृत्त केली. लंडनच्या भुयारी रेल्वेकडे मात्र देखभालीच्या गाड्यांसाठी जुनी वाफेची इंजिनं होती, ग्रेट वेस्टर्न या जुन्या रेल्वे कंपनीकडची, पाण्याच्या टाक्या दोन्ही कुशींना लटकवलेली. ती विजेचा मार्ग असलेल्या या आधुनिक रेल्वेवर ६ जून १९७१ पर्यंत चालली. म्हणजे मुख्य रेल्वेची वाफ संपल्यावर जवळजवळ तीन वर्षं मध्यरात्री इथे धूर निघत होता. अर्थात उघड्या भागांत आणि वरवरच्या बोगद्यांत. खोल नळीत नव्हे.

पायरी ४: मागे काय लागलंय ते वाचा

वाघिणींवरून त्या रात्रीचं काम ओळखता येतं. रिकाम्या सपाट वाघिणी जात असतील तर तिकडून राडारोडा यायचा आहे. खडीच्या वाघिणी दिसल्या तर काम उघड्या भागात किंवा वरच्या बोगद्यात आहे, कारण खोल नळ्यांमध्ये जुनी पद्धत खडीची नाहीच. तिथे लाकडी स्लीपर थेट काँक्रीटमध्ये रोवलेले असतात. लाकूडही साधं नाही, ऑस्ट्रेलियातलं जारा. पाण्याला, किडीला दाद न देणारं. तो स्लीपर बदलायचा म्हणजे आधी काँक्रीट फोडायचं, तुकडे पोत्यांत भरायचे, पोती हातांनी वाघिणीवर चढवायची. मी सुरुवातीला पोत्यांचा उल्लेख केला तो यासाठी.

सर्वांत बघण्यासारखी असते ती रूळ नेणारी गाडी. साठ फुटांचे पाच रूळ वेल्डिंगनं जोडून तीनशे फुटांचा एक, म्हणजे सुमारे ९१ मीटरचा रूळ करतात. तो एका वाघिणीवर मावत नाही. अनेक वाघिणींवर पसरतो, आणि वळणावर वाघिणींसोबत वाकतो. लोखंड वेतासारखं वाकताना दिसतं. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं आता तडकणार. काही होत नाही.

रुळांचं जुनं रूप म्हणजे वर-खाली दोन्हीकडे फुगीर डोकं असलेला रूळ. तो बिडाच्या खुर्चीत बसवतात आणि बाजूनं पाचर ठोकून घट्ट करतात. ही पाचर म्हणजे इंग्रजीतली 'की'. मग ती सैल झाली का बघणारा माणूस आला. हातोडा घेऊन रात्री रुळांतून चालणारा, ठोकत जाणारा. आपल्याकडच्या कीमनचा हा सख्खा भाऊ. आजोबा सांगायचे, चांगला कीमन डोळ्यांनी नाही, कानांनी काम करतो. घट्ट पाचरीचा आवाज खणखणीत, सैल पाचरीचा बद्द. बोगद्यात हा फरक अजून स्पष्ट ऐकू येतो, असं इथे पूर्वी काम केलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी मला बसच्या थांब्यावर सांगितलं.

आणि गाडीला इंजिनं दोन, एक या टोकाला एक त्या टोकाला. दोन्ही एकाच केबिनमधून चालवता यावीत म्हणून मधल्या वाघिणींमधून तारा आणि हवेचे पाइप नेलेले असतात. बोगद्यात इंजिन सोडवून दुसऱ्या टोकाला न्यायला जागा नसते. आलात तसे परत जायचं असेल तर चालक फक्त टोक बदलतो. आणि एक इंजिन रुसलं तर दुसरं आहेच. पाच वाजताचा प्रश्न इथे दोनदा सुटतो.

पायरी ५: गाडीची वाट नकाशावर शोधा

प्रवाशांचा रंगीत नकाशा इथे कामाचा नाही. त्यात मार्ग एकमेकांना स्थानकांवर भेटतात. रूळ मात्र तिथे भेटतीलच असं नाही.

या गाड्यांचं माहेर म्हणजे पश्चिमेचा राइस्लिप डेपो. स्पेलिंग बघून रुइस्लिप म्हणू नका, कुणाला कळणार नाही. तिथून सेंट्रल लाइनला थेट वाट आहे. मेट्रोपॉलिटन आणि पिकॅडिलीच्या अक्सब्रिजकडच्या फांदीलाही एक जोडरूळ आहे. शिवाय मुख्य रेल्वेशीही जोड आहे, त्यामुळे बाहेरून येणारं सामान इथे उतरतं.

आता एक खेळ करा: राइस्लिपहून व्हिक्टोरिया लाइनवर कसं जाल? व्हिक्टोरिया जवळजवळ सगळी भुयारात आहे. तिला इतर मार्गांशी जोडणारे रूळ फिन्सबरी पार्कला, पिकॅडिलीशी. म्हणजे गाडीला आधी पिकॅडिलीनं अख्खं शहर ओलांडायचं, मग व्हिक्टोरियात उतरायचं. नॉर्दर्नला जायचं तर किंग्ज क्रॉसजवळ पिकॅडिलीपासून एक छोटा जोडबोगदा आहे, ज्यातून प्रवासी कधीच जात नाहीत. बेकर स्ट्रीटला बेकरलू आणि ज्युबिली जोडलेल्या आहेत, कारण ज्युबिलीचा तो भाग पूर्वी बेकरलूचाच होता.

आणि वॉटर्लू अँड सिटी? दोनच स्थानकं, सगळं जमिनीखाली, कुठल्याही मार्गाशी रुळांनी जोड नाही. तिथे वाहन न्यायचं तर क्रेननं उचलून खाली सोडायचं. हे कळल्यावर मी त्या गाडीत बसून उगीच छताकडे बघत होतो.

पायरी ६: पिवळ्या गाडीचे भाऊबंद

प्रत्येक देखभालीची गाडी माल वाहणारी नसते. काही जुन्या प्रवासी डब्यांतून घडवलेल्या आहेत, त्यामुळे नवख्याची फसगत होते.

रुळांची मोजणी करणारी गाडी तशीच. मधला मोजणीचा डबा १९७३च्या मालिकेतला (म्हणजे त्या वर्षाच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या नमुन्याचा), आणि पुढे-मागे ओढणारे डबे १९६०च्या मालिकेतले, एल १३२ आणि एल १३३. दोन रुळांमधलं अंतर, वळणावरचा कल, रुळाची चढउतार हे सगळं ती धावता धावता टिपते. ही दिवसाउजेडीही निघते, म्हणून नव्या माणसाला दिसण्याची शक्यता हिचीच जास्त.

बोगदा झाडणारी गाडीही होती. १९७०च्या दशकात ॲक्टनच्या कारखान्यात घडवलेली, १९३८च्या मालिकेतले डबे टोकांना लावून. मधल्या वाहनांतून हवेचा झोत मारायचा, धूळ उठवायची आणि ओढून घ्यायची. घरच्या व्हॅक्यूम क्लीनरचा अजस्र काका. ती आली तरी हातांचं काम संपलं नाही. बोगद्यात साठतं काय, तर ब्रेकची आणि चाकांची लोखंडी भुकटी, कपड्यांचे धागे आणि माणसांचे केस. लाखो माणसं रोज जातात, प्रत्येकाचा एखादा केस गळतो. ते सगळं इन्सुलेटरभोवती गुंडाळून बसतं आणि ठिणगीला निमित्त मिळतं. रात्री हा कापसासारखा गोळा हातांनी, ब्रशांनी गोळा करणाऱ्या बायका-पुरुषांना इथे फ्लफर म्हणतात. त्यांच्या कामाची दखल फार कमी घेतली जाते असं माझं मत आहे. इंजिनांचे फोटो सगळे काढतात.

शरद ऋतूत पानं गळायला लागली की अजून एक गाडी निघते. या भुयारी रेल्वेचा निम्म्याहून जास्त भाग प्रत्यक्षात जमिनीवर आहे. ओली पानं चाकांखाली चिरडली की रुळांवर साबणासारखा थर बसतो आणि ब्रेक लागत नाही. म्हणून वाळूमिश्रित लगदा रुळांवर सोडत ती जाते. जुन्या प्रवासी डब्यांतूनच केलेली असते.

१९९६ मध्ये ज्युबिली लाइनच्या वाढीव मार्गाच्या बांधकामासाठी शोमा या जर्मन कंपनीकडून १४ डिझेल इंजिनंही आली. बॅटरी इंजिनांपेक्षा आखूड, ठेंगणी. शेजारी उभी असली तर लगेच कळतात.

पायरी ७: कुठे आणि कसं बघायचं

सेंट्रल लाइननं वेस्ट राइस्लिपपर्यंत जा, दिवसा. शेवटच्या दोन स्थानकांच्या मध्ये, म्हणजे राइस्लिप गार्डन्स सुटलं की, गाडी डेपोला लगटून जाते. उन्हाळ्यात झाडी आड येते, हिवाळा बरा. परत येताना तीच खिडकी पुन्हा. नंबर वाचता येत नसतील तर आकार वाचा: बसका लांब म्हणजे बॅटरी, आखूड म्हणजे शोमा. एका फेरीत सगळं दिसत नाही. मी चार फेऱ्या केल्या, तिकीटाचा हिशोब घरी सांगितला नाही.

आठवड्याच्या शेवटी कोणता मार्ग बंद राहणार याची यादी लंडनची वाहतूक यंत्रणा आधीच जाहीर करते. ती प्रवासी शिव्या देत वाचतात, आपण वेगळ्या नजरेनं वाचायची. शनिवार-रविवार पूर्ण बंद म्हणजे मोठं काम, म्हणजे एकामागे एक पिवळ्या गाड्या. जवळच्या सार्वजनिक पुलावरून, रस्त्यावरून बघा.

हात लावून बघायचं असेल तर ॲक्टन टाउनजवळ वाहतूक संग्रहालयाचा डेपो आहे. वर्षातल्या ठरावीक दिवशीच उघडतो, तारखा आधी बघा. तिथे एल ३५ आहे, ग्लॉस्टरच्या त्या पहिल्या नऊंपैकी एक. खाली वाकून विजेचा बूट बघा, रुळावर घासत जाणारा तो लोखंडी तुकडा. तो एवढासा असेल असं वाटत नाही.

फोटो स्वतःपुरते काढायला फलाटावर हरकत नसते, पण फ्लॅश नाही आणि तिपाई नाही. मी एकदा विसरून फ्लॅश मारला. फलाटावरचा कर्मचारी सावकाश चालत आला आणि म्हणाला, त्या चालकानं आत्ताच अंधाराला डोळे सरावले होते, आता पुन्हा पहिल्यापासून. ओरडला असता तर मी विसरलो असतो.

आणि रात्री थांबणार असाल तर घरी जायची बस आधी शोधून ठेवा. शेवटची गाडी गेल्यावर स्थानक रिकामं करतात, तुमच्या छंदासाठी दार उघडं राहत नाही. वेस्ट राइस्लिपच्या फांदीवर शुक्रवार-शनिवारीही रात्रभर गाडी नसते.

मुंबईत बसून वाचणाऱ्यांसाठी

मेट्रो ३, म्हणजे आरे ते कफ परेडची ३३.५ किलोमीटरची ॲक्वा लाइन, ऑक्टोबर २०२५ पासून पूर्ण चालू आहे. त्याआधी ऑक्टोबर २०२४ मध्ये आरे ते बीकेसी हा पहिला टप्पा उघडला. तिथला मोठा फरक डोक्यावर आहे. वीज रुळांत नाही, छताला बसवलेल्या कडक पट्टीत आहे, २५ हजार व्होल्टची. म्हणजे रुळांत पाय ठेवायची भीती कमी, पण वरच्या पट्टीला हात लावायचा तर माणसाला उंच उचलणारी गाडी हवी, आणि वीज बंद करून पट्टी जमिनीला जोडून घ्यायला हवी. बोगदाही लंडनच्या नळीपेक्षा बराच ऐसपैस. या मेट्रोत पाचर ठोकणारा कीमन सापडणार नाही. कोलकात्यात, जिथे देशातली पहिली भुयारी मेट्रो ऑक्टोबर १९८४ मध्ये सुरू झाली, तिथे मात्र वीज तिसऱ्या रुळात आहे, ७५० व्होल्टची. लंडनच्या गाड्या समजलेल्या माणसाला तिथे लवकर ओळख पटेल.

वहीचं पहिलं पान असं आखा: तारीख, वेळ, जागा, दिशा, पुढचं इंजिन, मागचं इंजिन, मध्ये काय. शेवटचा एक रकाना गाडी जाताना भरलेली होती की येताना, यासाठी ठेवा. माझ्या पहिल्या महिन्याच्या नोंदींत तो रकाना नव्हता, त्यामुळे त्या अकरा ओळींवरून आज काहीच सांगता येत नाही.